गाडीचा वेग किती होता, हे सांगणार कोण?

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीतलं आखेन हे शहर अगदी सीमेवर वसलेलं आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियम, दोन्ही देशांची हद्द हाकेच्या अंतरावर. समजा, आखेनमधल्या एका बाईंना नेदरलँड्सच्या रस्त्यावर तिथल्याच गाडीने ठोकलं. दावा लावायचा कुठे? 2007 साली लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की जखमी व्यक्ती परदेशी विमा कंपनीवर आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात दावा लावू शकते. म्हणजे रस्ता नेदरलँड्सचा, भरपाईचा कायदा साधारणपणे तिथलाच, पण न्यायाधीश जर्मन! मग टक्कर कशी झाली हे उलगडून सांगणारा तज्ज्ञ कुणाचा? आणि तो खरोखर तज्ज्ञ आहे, हे ठरवलं कुणी?

याचं उत्तर देशोदेशी वेगळं मिळतं. जर्मनीत उद्योग-व्यापार मंडळ उमेदवाराचे जुने अहवाल तपासतं, जाणकारांच्या समितीपुढे परीक्षा होते, मग शपथ आणि गोल शिक्का मिळतो. ऑस्ट्रियात न्यायालयच यादी ठेवतं, आणि प्रमाणपत्राचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. फ्रान्समध्ये अपील न्यायालयांच्या याद्या असतात. आधी तीन वर्षं, नंतर पाच-पाच वर्षं. इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयात अशी सरकारी यादीच नाही. पक्षकार आपला तज्ज्ञ आणतात, मात्र पैसे कुणीही दिले तरी त्याचं पहिलं कर्तव्य न्यायालयाशी असतं.

हा कागदोपत्री घोळ वाटेल, पण त्यावर माणसाचा गुन्हा ठरतो. एक हिशेब सांगतो. गाडी करकचून ब्रेक लावून 30 मीटर घासत गेली आणि थांबली. रस्त्याच्या घर्षणाचा गुणांक, म्हणजे रस्ता टायरला किती धरून ठेवतो ते सांगणारा आकडा, 0.7 धरला, तर ब्रेक लागला तेव्हाचा वेग येतो ताशी सुमारे 73 किलोमीटर. 0.6 धरला तर 68, आणि 0.8 धरला तर 78. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात गावाबाहेरची सर्वसाधारण वेगमर्यादा 70 आहे. बघा, त्या एका आकड्यावर चालक निर्दोष ठरतो किंवा दोषी! रस्ता ओला होता का, टायर कसे होते, हे न पाहता जो छातीठोकपणे ‘73’ लिहून मोकळा होतो, त्याच्या हातात कुणाचं भवितव्य देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

उलट, जाणता तज्ज्ञ फुटलेल्या हेडलाइटच्या बल्बमधली तारही भिंगाखाली धरतो. दिवा चालू असताना धक्का बसला, तर तापलेली मऊ तार ताणली जाते, वेडीवाकडी होते. बंद असेल, तर ती ठिसूळपणे तुटते आणि तुटलेली कड स्वच्छ दिसते. काच फुटून तापलेल्या तारेला हवा लागली, तर तिच्यावर पांढरट-पिवळसर थर चढतो. ‘मी दिवे लावले होते’ या एका वाक्याची शहानिशा अशी होते. हे पुस्तक वाचून येत नाही, हाताखाली काम करूनच येतं.

म्हणूनच मला आयएसओ 17024 हे, माणसांच्या कामाच्या पात्रतेला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक महत्त्वाचं वाटतं. ते पदवीपाशी थांबत नाही, त्या माणसाला आज काम येतं का, हे तपासायला लावतं. शिकवणारा आणि पास करणारा एकच असेल, तर निःपक्षपातीपणा कसा राखणार, हेही विचारतं. प्रमाणपत्राला मुदत असते, ती संपली की पुन्हा पात्रता दाखवावी लागते. 1991 पासून ईव्हीयू ही युरोपातल्या अपघात विश्लेषकांची संघटना वेगवेगळ्या देशांतल्या या मंडळींना एकत्र आणत आली आहे. पण सगळ्या देशांच्या न्यायालयांवर बंधनकारक असा एकच दाखला अजून नाही. माझं मत विचाराल, तर असा दाखला यावा, आणि त्याच्या परीक्षेत उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं मांडून त्याची कारणं द्यायला लावावीत.

मुदतीचा आग्रह का, तेही सांगतो. एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, आल्यापासून टायरच्या ठळक खुणा फारशा उमटत नाहीत. जुलै 2024 पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत टकरीच्या आधीच्या पाच सेकंदांची नोंद ठेवणारं यंत्र सक्तीचं आहे. काम सोपं झालं असं वाटेल. पण त्या नोंदीतला वेग बहुतेकदा चाकांच्या फिरण्यावरून काढलेला असतो. बर्फावर चाक अडकून गाडी घसरत असेल, तर यंत्र कमी वेग दाखवतं आणि गाडी प्रत्यक्षात जोरात जात असते. हा फरक ओळखणं वीस वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या तज्ज्ञालाही आज नव्याने शिकावं लागतं.

नमस्कार.