वाघनखांखालचा फलक

नमस्कार मंडळी. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या मुदतीवर भारतात आली आणि आधी साताऱ्याला मांडली गेली. ती यायच्या आधीपासूनच वाद पेटला होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी वापरली ती हीच का? सरकारनं एक सांगितलं, काही इतिहास अभ्यासकांनी दुसरं, आणि लोकांचे दोन तट पडले. अशा वेळी संग्रहालयानं काय करायचं, एवढाच आजचा विषय.

आधी पुरावा पाहू. वाघनखांबरोबर एक पेटी आहे. तिच्यावरचा इंग्रजी लेख सांगतो की शिवाजीनं याच शस्त्रानं मोगल सेनापतीला मारलं आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट (म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी) असताना पेशव्यांच्या पंतप्रधानानं ते त्याला दिलं. आता बघा, अफझलखान आदिलशाहीचा सरदार. त्याला मोगल कुठून केलं? आणि डफ साताऱ्यात आला १८१८ साली, म्हणजे प्रसंगानंतर १५९ वर्षांनी. डफकडच्या मंडळींची समजूत काय होती, ते या लेखातून कळतं. मधल्या दीडशे वर्षांत शस्त्र कुणाकडून कुणाकडे गेलं, ती साखळी मात्र त्यात नाही. हीच ती वाघनखं, हे पडताळता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालयही म्हणतं.

मग फलकावर लिहायचं काय? काही जण म्हणतील, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, सरळ 'महाराजांची वाघनखं' लिहून मोकळे व्हा. काही म्हणतील, खात्री नाही तर मांडूच नका. दोन्ही सल्ले आळशी आहेत. तीस-पस्तीस शब्दांत हे नीट सांगता येतं:

'वाघनखे, पोलाद. जेम्स ग्रँट डफ याला ही साताऱ्यात मिळाली, असे सोबतच्या पेटीवरील लेख सांगतो. मोगल सेनापतीचा (म्हणजे अफझलखानाचा) वध यांनीच झाला, हाही त्या लेखाचाच दावा. या वाघनखांना त्या प्रसंगाशी जोडणारा समकालीन पुरावा मिळालेला नाही.'

क्रम लक्षात घ्या: डोळ्यांना दिसतं ते आधी, वस्तू कुठून आली ते मग, दावा कुणाचा ते त्यानंतर, आणि पुराव्याची स्थिती शेवटी. बहुतेक फलक घसरतात ते तिसऱ्या पायरीवर. 'असे मानले जाते' लिहून मोकळं होतात. अहो, मानतं कोण? ते नाव लिहिलं की निम्मं भांडण मुद्द्यावर येतं. पेटी तर शेजारीच मांडायला हवी, आणि तिच्यावरचा लेख मराठीत, त्यातल्या 'मोगल' या चुकीसकट. चूक दुरुस्त करून छापली तर प्रेक्षकाच्या हातातला एक पुरावाच काढून घेतल्यासारखं होतं.

मांडणीचंही सांगतो. गर्दीच्या वस्तूचा फलक काचपेटीच्या तळाशी ठेवला की पहिल्या रांगेपलीकडे कुणाला तो दिसत नाही. लोक फोटो काढतात नि पुढं सरकतात. तोच मजकूर रांग थांबते त्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही वाचता येईल इतक्या उंचीवर. देवनागरीत दोन ओळींत अंतर जरा जास्त सोडा. वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत अडकले की वाचणारा कंटाळतो. काचेवर दिव्याची तिरीप येते का, तेही प्रेक्षकाच्या जागी उभं राहून बघा.

राहिला दालनातला पहारेकरी. दिवसभर लोक त्यालाच विचारतात, 'हीच का हो ती?' आणि अभिरक्षकानं (क्युरेटरनं) कितीही तोलून लिहिलं असलं तरी तो 'हो, हीच' म्हणून मोकळा होतो. म्हणून फलक छापायला जाण्याआधी तो पहारेकऱ्याला आणि वाटाड्याला वाचून दाखवा. त्यांना अडखळायला होईल ते वाक्य बदला. फलकाच्या कोपऱ्यात मजकुराची तारीख टाका आणि बाहेर हरकतींची वही ठेवा. नवा कागद घेऊन कुणी आलं, तर फलक बदलायचा आणि जुना मजकूर नोंदवहीत जपून ठेवायचा.