तक्रार कुणाची, हे कुणाला कळावे?

उन्हाळ्यात मराठवाड्यातील कितीतरी गावे टँकरच्या पाण्यावर जगतात. कागदावर चार खेपा आणि प्रत्यक्षात दोनच, हे घडते तेव्हा साऱ्या गावाला ठाऊक असते. पण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते लिहिण्याची वेळ आली, की हात आखडतो. त्या ग्रुपमध्ये सरपंच असतात, ग्रामसेवक असतात, कधी टँकरचा ठेकेदारही असतो, आणि लिहिणाऱ्याचा मोबाइल क्रमांक सगळ्यांसमोर उघडा असतो.

ज्याला बोलायचे त्याने स्वतःच्या नावाने बोलावे, ही अपेक्षा रास्त वाटते. खोट्या नावाआडून होणारी शिवीगाळ पाहिली, की ती अधिकच पटते. परंतु इथे पूर्ण नाव सांगणे म्हणजे बहुतेक वेळा जातही सांगणे असते आणि मग खेपांचा हिशेब बाजूला राहून चर्चा आडनावावर घसरते. बीड जिल्ह्यात तर २०२५ मध्ये पोलिसांच्या नामफलकांवरून आडनावेच काढून टाकण्यात आली. वर्दीतल्या माणसासाठी जे आवश्यक ठरले, ते रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या मजुराने मागितले, तर त्याला भित्रा का म्हणावे?

टोपणनावाने सार्वजनिक प्रश्न मांडण्याची रीत मराठीत जुनी आहे. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने समाजावर कोरडे ओढणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. नाव घेतलेले होते, पण पत्रामागून पत्र त्याच नावाने येत राहिल्याने त्या नावालाही पत निर्माण झाली.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही. संपर्कापुरता तपशील पुरतो. उलट, गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये झालेला केंद्रीय कायदा निनावी तक्रार स्वीकारतच नाही. नाव सक्षम अधिकाऱ्याला कळवायचे आणि त्याने ते गुप्त ठेवायचे, अशी त्याची रचना आहे. रचना चांगली आहे. फक्त तो कायदा वर्षानुवर्षे लागूच झाला नाही.

टँकरच्या बाबतीत ही रचना कायद्याची वाट न पाहताही करता येईल. ग्रुपवर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक जावा; तक्रारदाराचे नाव पंचायत समितीपाशीच राहावे. कुणी पैसे खाल्ल्याचा थेट आरोप असेल, तर मात्र ते नाव तिथे नोंदलेले असलेच पाहिजे. बाकी खेपांचा निकाल जीपीएसची नोंद आणि टँकरची नोंदवही ताडून लागतो, आणि त्यासाठी कुणाचेही आडनाव लागत नाही.