पेल एलची पारख

१९८० साली कॅलिफोर्नियातील चिको या गावी केन ग्रॉसमन आणि पॉल कामूसी यांनी दुग्धशाळांची जुनी भांडी जोडून एक छोटा बिअर कारखाना उभारला. त्यांची सिएरा नेवाडा पेल एल, म्हणजे सोनेरी-तांबूस रंगाची एक प्रकारची बिअर, पुढे अमेरिकी पेल एलचा मानदंड ठरली. परंतु सुरुवातीच्या अनेक खेपा, चव सारखी येत नाही म्हणून, त्यांनी स्वतःच्या हातांनी ओतून टाकल्या. या पेयाचे पहिले परीक्षक तेच होते.

ही एल बाटलीतही थोडी आंबते, त्यामुळे तळाशी यीस्टचा बारीक साका बसतो आणि तो ढवळणार नाही अशा बेताने ती पेल्यात ओतावी लागते. तिचे तापमान ७ ते १० अंश सेल्सिअस असावे. अतिथंड बिअर उन्हाळ्यात सुखावते खरी, पण गारठ्यात तिचा गंध मिटलेलाच राहतो.

पेला हाती येताच परीक्षक तो प्रथम नाकाशी नेतो, कारण सर्वांत हलके गंध पहिल्या काही क्षणांतच उडून जातात. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रकात गंधाला १२ गुण आहेत, तर रूपाला केवळ ३. सोनेरी-तांबूस रंग आणि पांढरा दाट फेस कितीही मोहक असला तरी ही विभागणी मला न्याय्य वाटते.

या एलचा गंध कॅस्केड जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांचा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या ऑरेगॉनमधील संशोधनातून आलेले हे वाण १९७२ साली शेतकऱ्यांना मिळाले. पपनसाची साल नखाने खरवडावी तसा वास, त्यामागे चिडाच्या राळेची झाक आणि फुलांचा मंद दरवळ, अशी त्याची ओळख सांगता येईल.

चवीला २० गुण आहेत. हॉप्स माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, उकळत्या रसात आधी घातले की कडवटपणा देतात आणि शेवटी घातले की गंध. या दोहोंना माल्टची भाजक्या पावासारखी, किंचित कॅरमेलकडे झुकणारी गोडी तोलून धरते का, हे येथे पाहायचे असते. बिअरचा परीक्षक घोट थुंकत नाही, तो गिळतो, कारण कडवटपणाचे खरे रूप घोट उतरल्यानंतर कळते. तो स्वच्छपणे रेंगाळून ओसरला पाहिजे. घशाला खरखरीत ओरखडा उमटला तर गुण कमी होतात.

काही दोष ओळखायला सोपे असतात. लोण्याचा वास आला तर यीस्टचे काम बहुधा अपुरे राहिलेले असते, ओल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायूचा उपद्रव सांगतो, आणि प्रकाशात हॉप्सचे कडू घटक फुटून दुर्गंधी सुटते, म्हणूनच बाटली तपकिरी असते. कठीण प्रसंग तो, जेव्हा पेल्यात दोष एकही सापडत नाही, मात्र महिनोन् महिने पडून राहिल्याने पपनसाचा तो वास विरून गेलेला असतो. अशा एलला केवळ निर्दोष म्हणून उत्तम ठरवणे मला पटत नाही, कारण पेल एलचा प्राण ताज्या हॉप्समध्ये आहे.

तोंडातील भरीवपणाचे ५ गुण लिहून झाले, तरी एकूण प्रभावाचे १० गुण अजून कोरेच आहेत. पेला आता थोडा उबदार झाला आहे. परीक्षक तो हलकेच फिरवतो आणि पुन्हा नाकाशी नेतो.