दिवसाला किती विड्या वळता?

(दृश्य: निपाणी. सोप्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारे हात.)

समजा, या सोप्यात पाहणीचा फॉर्म आला. प्रश्न तिसरा: "दिवसाला किती विड्या वळता?" बाई म्हणते, "हजार होतात की." रकान्यात 1000. पुढचा प्रश्न.

पण पानं कापली सासूनं, आणि विड्यांची तोंडं मिटली शाळेतून आलेल्या मुलीनं. हजार विड्या तिघींच्या, विडी कामगाराचं कार्ड एकीचं. मजुरी हजारावर ठरते, म्हणून बाई चुकलेली नाही. प्रश्न चुकला. आणि 1000 हा आकडा इतका गोंडस, की तपासणाऱ्यालाही शंका येत नाही.

मग नुसत्या मुलाखती घ्यायच्या? त्यातून पैसे कुठे कापले जातात, नापास विड्या कोण मोजतं, हे कळेल. किती घरांत असं होतं, ते वीस मुलाखतींवरून सांगता येत नाही.

त्यासाठी नमुना लागतो, म्हणजे सगळ्यांतून निवडलेल्या काही जणी. 95 टक्के विश्वासपातळी (शंभरदा पाहणी केली तर 95 वेळा उत्तर ठरलेल्या फरकाच्या आत) आणि 5 टक्के कमी-अधिक चालणार असेल, तर 385 जणी. लोकसंख्या निपाणीची धरा नाहीतर 2011 च्या जनगणनेत सुमारे 48 लाख असलेल्या बेळगाव जिल्ह्याची, आकडा जवळपास तोच. चूक निम्मी, म्हणजे अडीच टक्के करायची तर मात्र 1537. हे गणित यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांनाच लागू. मुकादमानं दाखवलेल्याच घरांत फिरलात, तर दोन हजार फॉर्मही रद्दी.

मुलाखतींचा खर्च वेगळाच. तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात. एकसारख्या गटात बारा-पंधरा मुलाखतींनंतर बहुधा तेच ते ऐकू येऊ लागतं, तिथं थांबावं. मुकादम दारात उभा असेल, तर त्याआधीच थांबावं.

सीमाभागात आणखी एक घोळ. फॉर्म कन्नडमध्ये, विचारणारा जागेवर मराठी करतो. एक 'मजुरी' म्हणतो, दुसरा 'उत्पन्न', आणि दुसऱ्याच्या आकड्यात ऊससुद्धा येतो. मराठी फॉर्म आधीच छापावा, आणि मूळ न पाहिलेल्या माणसाकडून तो परत कन्नडमध्ये करून घ्यावा. फरक लगेच दिसतो.

म्हणून आधी आठ-दहा घरी बोलणं, मग फॉर्म, मग तीस घरांत चाचणी.

(दृश्य: सुधारलेला फॉर्म, जवळून.)

प्रश्न तिसरा: "काल या घरात किती विड्या झाल्या? कुणी कुणी हात लावला?" खाली रकाने चार: पानं कापणं, वळणं, तोंडं मिटणं, नापास निघालेल्या.