बोजाऱ्याच्या पैशांची रिमोट गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळाही झाला. लाकडी बैल सजवून पोट्टे घरोघर फिरले आणि बोजाऱ्याचे पैसे त्यांच्या हातात आले. आठवडी बाजारात हे पैसे कुठं जातात ते तुम्ही पाहिलंच असेल. खेळण्यांच्या दुकानात हल्ली एक गाडी अगदी पुढं मांडलेली असते. रिमोटवर पळते, पाठीवर छोटी तोफ असते, बटण दाबलं की फोमची मऊ गोळी फेकते. मोठी माणसं म्हणतात, "बंदूकच हाय न ते," आणि एकतर रागावतात, नाहीतर पोरगं रडू नये म्हणून पैसे काढून देतात. दोन्ही वेळी ती गाडी नीट पाहायची राहून जाते. मी खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. या गाडीत शिकण्यासारखं खूप आहे आणि जपण्यासारखी एक गोष्ट आहे, म्हणून आज तिच्याबद्दल बोलतो.

आधी रिमोट. रेडिओवर माझा आवाज ज्या जातीच्या लहरींवरून तुमच्यापर्यंत येतोय, त्याच जातीच्या लहरी या रिमोटमधून निघतात. एफएम केंद्रं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. स्वस्तातल्या रिमोट गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्झवर चालतात, नव्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर. दोन भावांनी २७ मेगाहर्ट्झच्या सारख्या गाड्या आणल्या, तर एकाच्या रिमोटनं दुसऱ्याचीही गाडी पळते आणि मग घरात भांडण. २.४ गिगाहर्ट्झच्या गाडीची सुरुवातीलाच आपल्या रिमोटशी जोडी जमते, नंतर ती दुसऱ्याचं ऐकत नाही. घरात दोन मुलं असतील तर दुकानदाराला एवढं विचारून घ्या. बिनतारी वाहन चालवण्याची ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर पाण्यात छोटी होडी तारेविना चालवून दाखवली होती. मुलाच्या हातात रिमोट देताना हे त्याला जरूर सांगा.

आता तोफ. माझ्या मते या खेळण्याचा सगळ्यात हुशार भाग हाच. गोळी फेकण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिलीत गाडीच्या पोटात एक मोटर असते आणि तिच्यापुढं दातेरी चक्रांची रांग. शेवटच्या चक्राला गोलभर दात नसतात, एका भागालाच असतात. दात असलेला भाग दट्ट्याला मागं ओढत नेतो, तशी स्प्रिंग दबत जाते. दात संपले की दट्ट्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. स्प्रिंग सुटते, दट्ट्या नळीतली हवा पुढं रेटतो आणि ती हवा गोळीला बाहेर काढते. गोळीला स्प्रिंग शिवतही नाही, सगळं काम हवेचं. म्हणून गोळी चेपलेली किंवा सैल असली की हवा तिच्या बाजूनं निसटून जाते आणि गोळी समोरच टपकन पडते. मुलं म्हणतात गाडी बिघडली. गाडी चांगली असते, गोळी बदलून पाहा.

दुसऱ्या तऱ्हेत दोन चाकं शेजारीशेजारी, एकमेकांच्या उलट दिशेनं गरगर फिरत असतात. त्यांच्यामधली फट गोळीच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवलेली असते. रसवंतीच्या चरकात उसाचं कांडं खेचलं जातं तशी गोळी त्या फटीत खेचली जाते आणि पलीकडून सुटते. सुटण्याआधी घुर्रर्र आवाज येतो तो या चाकांचा. त्यांनी वेग घेण्याआधीच बटण दाबलं, किंवा सेल उतरले असले, की गोळी लांब पोचत नाही. हे दोन्ही प्रकार मी वर्गात फळ्यावर काढतो तेव्हा एरवी मागच्या बाकावर झोपणारी मुलं उठून पुढं येतात. दाब, घर्षण, ऊर्जा या गोष्टी पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथं लवकर कळतात.

या फोमचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्स कंपनीनं १९६९ साली नर्फ नावाचा फोमचा चेंडू आणला. घरात फेकला तरी काच फुटत नाही, हीच त्याची जाहिरात. फोमच्या बाणांसारख्या गोळ्या उडवणारी नर्फ बंदूक १९९२ साली आली. २०१६ साली त्याच नावाची साखळी-चाकांची रिमोट गाडी निघाली, तिच्यावर कॅमेराही होता. आपल्या बाजारात दिसतात त्या बहुतेक याच कल्पनेच्या स्वस्त आवृत्त्या.

आणि आता जपण्याची गोष्ट. फोम मऊ आहे, पण डोळा त्याहून मऊ आहे. हातात धरायच्या नावाजलेल्या बंदुकीतली गोळी साधारण १ ग्रॅमची असते आणि सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगानं सुटते. ताशी हिशेब केला तर ७२ किलोमीटर. गाडीवरच्या तोफा बहुधा याहून मंद असतात, पण जमिनीवर पोट टेकून खेळणाऱ्या लहान भावंडाचा चेहरा नेमका त्या तोफेच्या उंचीवर येतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ साली अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. फोमची गोळी लागून तिघांच्याही डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. त्यातला एक ११ वर्षांचा मुलगा होता.

म्हणून घरात नियम एकच ठेवा आणि तो कडक ठेवा. तोंडाकडं तोफ वळली की गाडी त्या दिवसापुरती कपाटात. खेळताना साधा प्लास्टिकचा चष्मा लावला तर फारच चांगलं. गोळीच्या टोकात टाचणी खोचणं, नळीत तुरीचे दाणे किंवा खडे भरणं, हे प्रयोग पोट्टे करतातच. ते दिसले की समजावत बसू नका, गाडी काढून घ्या. डोळ्याला गोळी लागलीच, तर डोळा चोळू नका, दाबू नका, मध, दूध, गुलाबपाणी असलं काहीही घालू नका. डोळा लाल झाला, धूसर दिसू लागलं, दुखू लागलं तर उद्यावर न टाकता डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या.

नेम धरायला रिकाम्या काड्यापेट्या रचा, पुठ्ठ्याचे डबे रचा. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे मात्र कधीच नकोत, ते मुलांच्या हातात जाताच कामा नयेत. आणि गोठ्याजवळ ही गाडी चालवू देऊ नका. पायाशी अचानक काही घुर्रर्र करत आलं की बैल बुजतो, आणि बुजलेला बैल दावं तोडतो, हे कास्तकाराला मी काय सांगावं!

घेताना खोक्यावर आयएसआयची खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना ती सक्तीची आहे. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यासाठी खुणेच्या वर आयएस १५६४४ हा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो टाकला की खरा की खोटा ते कळतं. मूल सोबत असलं तरी दुकानात दोन मिनिटं थांबून हे बघाच.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गाडी भावाच्या हातात आणि उडालेल्या गोळ्या वेचून आणायला बहीण, असं चित्र मी घरोघरी पाहतो. मला ते अजिबात पटत नाही. रिमोट तिच्याही हातात द्या, पेचकस तर आधी तिच्या हातात द्या.

पेचकसाचं काम लवकरच पडतं, कारण आपल्याकडची माती आणि कापूस. वेचणीच्या दिवसांत घरात कापसाची गंजी असते, तिचे तंतू गाडीच्या आसावर गुंडाळले जातात आणि चाक जखडतं. काळ्या मातीची धूळ दातेरी चक्रांत बसते. खालचे चार स्क्रू काढा, तंतू चिमट्यानं ओढा, जुन्या टूथब्रशनं धूळ झाडा. पावसाळ्यात सेलच्या पत्र्यांवर गंज चढतो, तो पॉलिशपेपरनं घासला की मेल्यासारखी वाटणारी गाडी बहुतेकदा चालू होते. नाहीच झाली, तर सेलच्या डब्यापासची तार तुटली आहे का पाहा. तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती दोन मिनिटांत जोडून मिळते. चार्जिंगची लिथियम बॅटरी असेल तर ती स्वतः उघडू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा गाडी अंगणात उन्हात ठेवू नका आणि भर दुपारी चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगली की तिला चार्जर लावायचाच नाही, ती पेट घेऊ शकते.

गाडी पार मोडली तरी भंगारवाल्याला घाईनं देऊ नका. आतली मोटर बहुधा शाबूत असते. तिला दोन सेल जोडा, आसावर पुठ्ठ्याचं पातं बसवा, पंखा तयार होतो. तारा उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो. तो उलटा का फिरला, ते मुलीला आणि मुलाला आधी स्वतःच शोधू द्या. नाही सापडलं तर मोटर घेऊन शाळेत या, आपण ती बाकावर उघडून बघू.

नमस्कार.