पिवळ्या रेषेचा पत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १८३५ साली छातीठोकपणे लिहिलं होतं, की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती आपण मोजू. पण ते कशाचे बनलेत हे माणसाला कधीही कळणार नाही. काँत वारला १८५७ मध्ये आणि दोनच वर्षांनी किरखोफ-बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांच्या जोडीने त्याला खोटं पाडलं. ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका, ज्योत पिवळीधमक होते. तो रंग सोडियमचा. तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, आपापल्या ठरलेल्या जागी रेषा उमटवतं, मग ते चुलीत असो की सूर्यात.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली भारतावरून गेली. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचे नातू, वेध घेत होते. गुंटूरला होते फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ झान्सेन. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या रेषा त्यांना इतक्या ठसठशीत दिसल्या की त्यांच्या मनात आलं, या रेषा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही! ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनीही, झान्सेनच्या कामाची गंधवार्ता नसताना, हेच साधलं. त्यांना खटकली ती एक पिवळी रेषा. सोडियमच्या जोडरेषेला अगदी खेटून, पण तिच्या जागेवर नव्हे. हे नवंच मूलद्रव्य, असं म्हणत त्यांनी हेलियम मांडलं. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. अखेर १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली.

आपल्याकडे मात्र हेलियम विजयदुर्गावर सापडल्याचं हौसेने सांगतात. साफ चूक. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, त्यांचा संबंध त्या मुक्कामाशी. रॅम्झींच्या शोधाला तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

आणि अभिमानच बाळगायचा, तर त्याच ग्रहणातलं दुसरं नाव आहे की! पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला त्या दिवशी करमाळ्याजवळच्या जेऊरला आपली उपकरणं मांडून वेध घेत होते. ते नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?