पुण्याहून स्पिती, तीन गाड्या, बारा माणसं: पैसे नेमके जातात कुठे?

(फाटक्या रबराचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. हे काय आहे, ओळखा बघू. चपलेचा तळ नाही. टायरची साइडवॉल आहे, म्हणजे बाजूची भिंत. हिमाचलात, स्पितीतलं लोसर गाव सोडून कुंझुम खिंडीचा चढ लागला आणि आमच्या तिसऱ्या गाडीखाली एक टोकदार दगड आला. माझ्या हातात आहे ना, एवढी फाटली. पंक्चर असतं तर मशरूम, म्हणजे रबरी बूच लावून, दोरी घुसवून निघालो असतो. साइडवॉल फाटली की पंक्चरवाल्याचं काही चालत नाही.

स्टेपनी? ती आधीच लावलेली. नाकोच्या अलीकडे एक टायर कापला होता, तेव्हा. काझात नवीन घेऊ म्हणालो, काझात त्या मापाचा मिळाला नाही, आणि मग आपलं ते नेहमीचं, "होईल रे, चल!" बाकी दोन गाड्यांच्या स्टेपन्या होत्या की. एकीचे नट जुळेनात, दुसरीचं माप वेगळं. तीन गाड्या, तीन कंपन्या, तीन मापं.

टायर मनालीहून मागवला. यायला दोन दिवस लागले. टायर ९,००० चा. आणि त्या दोन दिवसांत बारा माणसांचं राहणं, खाणं, चहा, नंतर नुसतं बसून बसून मॅगी... रोजचे माणशी १,२०० धरा. २८,८०० रुपये. नऊ हजारांच्या टायरपायी एकोणतीस हजार!

म्हणून आज बजेट ट्रिपबद्दल बोलताना मी डिझेलपासून सुरुवात करणार नाही. ग्रुपच्या ट्रिपमध्ये सगळ्यात महाग असतो तो थांबलेला दिवस. पुढे मी जे काही सांगणार आहे, ते सगळं त्या एका दिवसाभोवती आहे.

(नकाशा)

आधी रस्ता. पुणे, नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर. तिथून दिल्लीत शिरायचं नाही. दिल्लीतून आरपार जाताना अर्धा दिवस आणि ड्रायव्हरचा स्वभाव, दोन्ही खराब होतात. जयपूरहून नारनौल गाठायचं आणि १५२-डी पकडायचा. हा नारनौल ते इस्माईलाबाद महामार्ग २२७ किलोमीटरचा आहे, थेट अंबाल्याच्या बाजूला काढतो. मग चंडीगड, शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. परत येताना काझा, लोसर, कुंझुम, बातल, छत्रू, ग्राम्फू, अटल बोगदा, मनाली. आजूबाजूची फिरफिर धरून साडेचार हजार किलोमीटर होतात.

आता मजा बघा. या साडेचार हजारांत खरा ऑफरोड किती? लोसरपासून ग्राम्फूपर्यंत, साधारण ऐंशी किलोमीटर. चंद्रताल तळ्याकडे वळलात तर जाऊन-येऊन आणखी अठ्ठावीस. बास. बाकी सगळा डांबर, सिमेंट आणि घाट. त्या ऐंशी किलोमीटरला मात्र सहा-सात तास सहज जातात.

आणि लोक खर्च कशावर करतात? टपावर लाइटचा पट्टा, पुढे लोखंडी बुलबार, विंच, दोन जेरीकॅन, इन्स्टाग्रामवर दिसतं ते सगळं. बुलबारला तर २०१७ पासून बंदी आहे. वाटेतल्या राज्यांतल्या एका जरी पोलिसाने अडवलं तरी दंड आणि वेळ, दोन्ही गेले. जेरीकॅन कशाला? रिकाँग पिओजवळ पंप आहे. तिथून काझा दोनशे किलोमीटर, काझात पंप आहे. काझाहून मनाली पुन्हा दोनशे. चंद्रताल धरून सव्वादोनशे. तुमच्या गाडीच्या टाकीत एवढं बसत नसेल तर टाकीला भोक आहे. काझात शिरलात की आधी टाकी फुल करा, हॉटेल नंतर शोधा. टँकर उशिरा आला की पंप कोरडा पडतो, एवढंच.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी लागते का? कमेंटमध्ये सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. स्पितीत गावोगावी अल्टो फिरताना दिसतील. कोरड्या दिवसांत, हलक्या गाडीत, हात बसलेला ड्रायव्हर असेल तर टू व्हील ड्राइव्ह जाते. गडबड होते ती पाच माणसं, पाच बॅगा आणि टपावर ताडपत्री बांधून गेलात की. कारण हवा विरळ. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे चाळीसेक टक्के इंजिन तुम्ही पुण्यातच विसरून आलात असं समजा. टर्बोवाल्यांना हा त्रास बराच कमी. म्हणून आमचा नियम: गाडीत चारच माणसं, आणि तीन गाड्यांतली किमान एक फोर बाय फोर, टो रोपसकट, म्हणजे गाडी ओढायच्या दोरासकट.

पण माझ्या मते गाडीच्या जातीपेक्षा मोठी गोष्ट ही: ग्रुपमधल्या गाड्यांचे टायर एका मापाचे असू द्या. नट किती, त्यांच्यातलं अंतर किती, टायरवर लिहिलेलं माप काय, निघायच्या महिनाभर आधी तिघांनी पार्किंगमध्ये फोटो काढून ग्रुपवर टाकायचं. माप जुळलं तर तीन स्टेपन्या प्रत्येकाच्या झाल्या. फुकट! नाही जुळलं, तर ज्याची गाडी वेगळी, त्याने रिमसकट जादा टायर न्यायचा. जुना, अर्धा घासलेला चालेल. तो टपावर कुरूप दिसतो. दिसू दे.

(चिप्सचं फुगलेलं पाकीट दाखवत)

हा फोटो नाकोचा आहे. ३,६०० मीटर. पाकीट बघा, उशीसारखं टम्म फुगलंय. तुमच्या टायरचंही तेच होतं. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की गेज जास्त आकडा दाखवतं. थंडीने तो थोडा उतरतो, पण दुपारच्या उन्हात पुन्हा चढतो. पुण्यात ३५ भरून निघालेला माणूस लोसरला दगडांवर ३८ घेऊन उड्या मारत जातो आणि सस्पेन्शनला शिव्या घालतो. चांगलं गेज तीन-चारशे रुपयांना मिळतं, बारा व्होल्टचा कंप्रेसर दोन-अडीच हजारांना. तीन गाड्यांत मिळून एक कंप्रेसर पुरतो. दगडांच्या रस्त्यावर आम्ही २६-२८ ठेवतो. वाळूसारखं अठरावर आणायचं नाही, साइडवॉल बाहेर फुगते आणि मग हे होतं. (पुन्हा तुकडा दाखवतो) डांबर लागलं की परत भरायचं.

आता नाले. छत्रू-बातलच्या पट्ट्यात वरच्या हिमनद्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं. सकाळी घोट्याएवढं असतं. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळलं की दुपारी तेच पाणी गुडघ्यावर येतं. आम्ही मागच्या वेळी निघालो साडेदहाला, कारण कुणाचा तरी चार्जर सापडत नव्हता. छोटा दर्ऱ्याच्या नाल्यावर पोचेपर्यंत तीन वाजलेले. पलीकडे आठ गाड्या उभ्या, अलीकडे सहा, आणि मधोमध एक सेडान. तिच्या ड्रायव्हरने पाण्यात गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. वर तो ते पुन्हा सुरू करत होता! अहो, इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि साध्या विम्यात हे बसत नाही. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि ते निघायच्या आदल्या दिवशी सुचून उपयोग नाही, पॉलिसीचं नूतनीकरण करतानाच बघा.

नाल्याची पद्धत सोपी आहे. उतरा. पुढची एखादी गाडी कुठून जाते ते बघा. काठी घालून खोली बघा, मोठा दगड कुठे आहे ते बघा. पहिला गिअर, फोर बाय फोर असेल तर लो रेंज, एकसारखा हलका अ‍ॅक्सिलरेटर, आणि पाण्यातून बाहेर येईपर्यंत क्लचवर पाय नाही. एक गाडी पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय दुसरी पाण्यात नाही. काझाहून निघायची वेळ पहाटे पाच. साडेपाचला जो गाडीत नाही, त्याच्याकडून सगळ्यांचा नाश्ता. हा दंड आम्ही खरंच वसूल करतो.

आणि हो, नाला रस्त्यात आला तर ओलांडायचा, मुद्दाम नदीत गाडी घालायची नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये एकाने ट्रॅफिक चुकवायला थार थेट चंद्रा नदीत घातली. व्हिडिओ व्हायरल झाला आणि पोलिसांनी चलन फाडलं. चंद्रतालही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. गाडी लांब लावून तळ्यापर्यंत चालत जायचं, काठावर तंबू नाही. तंबू तळ्याच्या बरेच अलीकडे ठोकलेले असतात.

शिमल्याच्या बाजूनेच का जायचं, हेही थोडक्यात. मनालीहून एका दिवसात कुंझुम म्हणजे दोन हजार मीटरवरून साडेचार हजारांवर उडी. डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि एक माणूस आडवा झाला की बाकी अकरा थांबतात. शिमल्याच्या बाजूने, म्हणजे किन्नौरकडून गेलात तर शरीर पायरी-पायरीने चढतं. कल्पाला एक रात्र, नाको किंवा ताबोला एक, मग काझा. ताबोचा मठ ९९६ सालचा आहे, हजार वर्षांहून जुना. तिथे एक दिवस उगाच गेला असं कुणाला वाटत नाही.

कधी जायचं? जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी आणि नाल्यांना जोर. ऑक्टोबर मध्यानंतर कुंझुमचा भरवसा नाही. सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. म्हणजे विसर्जन करून, गुलाल धुवून निघायचं. आई म्हणेल पितृपक्षात कुठे निघालात. तिला ताबोचा फोटो पाठवा.

(वही उघडून)

आता काँट्री, म्हणजे प्रत्येकाची वर्गणी. माणशी हिशोब असा, चौदा दिवसांचा. गाडी लिटरला बारा धरली तर पावणेचारशे लिटर. ९० रुपये भाव धरला तर ३३,७५०, चौघांत माणशी साडेआठ हजार. राहणं तेरा रात्री, सरासरी ८०० ने १०,४००. मैदानात साधी लॉज, स्पितीत होमस्टे. तिथे रात्रीचं जेवण आणि सकाळचा पराठा बहुतेकदा त्यातच येतो. वरचं खाणं पाच हजार. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढा. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालाय, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, खासगी गाड्यांसाठी. सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता. फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. राज्याच्या रस्त्यांचा टोल वेगळा कापला जातो, तेव्हा भांडू नका. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आसपास.

त्यावर माणशी तीन हजार "न मोडायची" काँट्री. बारा जणांचे ३६,०००, त्यातले निम्मे रोख. काझात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही. ही रक्कम ज्याची गाडी नाही अशा माणसाकडे द्यायची. गाडीवाला खजिनदार झाला की प्रत्येक खडखडाट त्याला काँट्रीत बसवावासा वाटतो. आणि निघायच्या आधी, सगळे हसत असताना, ठरवून टाका: टायर कापला तर कुणाचा खर्च? क्लच प्लेट जळाली तर? आमच्याकडे रस्त्यामुळे झालेलं नुकसान निम्मं काँट्रीतून, निम्मं मालकाचं. क्लच मात्र जो चालवत होता त्याचा. हे ऐकल्यावर चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारे दोघे आपोआप सुधारले.

रजा मिळत नसेल त्यांच्यासाठी एक जुगाड. सगळ्यांनी गाडीने जायची गरज नाही. प्रत्येक गाडीत दोन ड्रायव्हर निघतात, उरलेले सहा जण झेलम एक्सप्रेसने पुण्याहून अंबाला छावणी. जाता-येता मिळून तीन-चार रजा वाचतात, आणि गाड्या हलक्या राहिल्याने डिझेलही. फक्त ट्रेनवाल्यांनी डिझेलची काँट्री किती द्यायची यावरून आमच्यात अजून वाद आहे. मी ट्रेनवाला होतो, त्यामुळे माझं मत विचारू नका.

राहिला तो मोकळा दिवस. चौदापैकी एक दिवस कोरा ठेवा, काझात. दरड आली, टायर गेला, कुणाचं डोकं दुखलं, तर तो वापरायचा. काहीच नाही झालं तर हिक्किमला जा, टपाल ऑफिसातून घरी एक पोस्टकार्ड टाका. आमचं कार्ड आमच्या नंतर बावीस दिवसांनी पुण्यात पोचलं. त्यावर मी लिहिलं होतं, "टायरची वाट बघतोय."